डोळा बघ आधी

ग्रंथालयातलं पुस्तक घरी न्यायचं नसतं.
सांगावकर सरांनी सही करून दिलं,
म्हणाले, पानांना मासळीचा हात लागू देऊ नकोस.
कुणाचा हात, ते बोलले नाहीत.

आईनं लिंबानं हात धुतले, दोनदा,
पदराला पुसले
आणि उंबऱ्यातल्या उजेडात पान धरलं.
लाकडावरून उठवलेला जपानी ठसा:
एक मासा, वाकलेला,
वरून लोंबणारे जांभळट घोस,
बाकी कोरा कागद.

"डोळा बघ आधी," ती म्हणाली. "ताजा हाय.
कल्ले मिटलेत, न्हाईतर आतला रंग सांगितला असता.
पर पाणी कुठं काढलंय?"
कागद आहे तेच पाणी, मी म्हटलं.
तिनं जरा वेळ कागदाकडं बघितलं.
"व्हय. उन्हाळ्याचं दिसतंय. तळापातूर नितळ."

कोपऱ्यात अक्षरांच्या दोन उभ्या ओळी.
"ह्यो भाव?"
कविता आहे, आई.
"माशाच्या डोक्यावर?"
हसली, लक्ष्मीपुरीत कुणी फार घासाघीस केली
की हसते तशी.

मग बोट घोसांवर, कागदाला न टेकवता:
"हे फूल कवा येतं त्यांच्याकडं?"
वसंतात, बहुतेक.
"मग ही भरलेली हाय. पोट बघ की.
काढणाऱ्याला ठावं हुतं,
म्हणून गळ न्हाई काढला, जाळं न्हाई."

चार तास झाले होते आमचे
मासा आणि झाड शेजारी का, यावर.
वहीत रचना होती, रेषा होती, रिकामी जागा होती.
पोट नव्हतं.

रात्री शिवणीची फळी घेतली.
राजाराम बंधाऱ्याखालची मरळ,
आणि तिच्यावर, आपल्याकडं लोंबतं ते काय,
करंज.
त्याचा सडा पाण्यावर पडतो
तेव्हा आई मोठ्या मरळी परत सोडते,
घरात तेल संपलेलं असलं तरी.

हत्यार जिथं चालतं तिथं काही उमटत नाही.
सोडून दिलेलंच उमटतं.
खवले मी शेपटीकडून डोक्याकडं काढले,
तिच्या सुरीसारखे, एकेक,
मांडीवर लाकडाचे पडत गेले.

शाई लावली, कागद ठेवला,
भाताच्या पळीनं पाठ घासली.
डावीकडं तोंड करून कोरलेली मरळ
उजवीकडं निघाली. विसरलेच होते.
"बंधाऱ्याला धडकणार हुती," आई म्हणाली,
"फिरली बघ. शहाणी हाय."

पहाटे चारला तिनं पाटी डोक्यावर घेतली.
कोपऱ्यात काय लिहू, मी विचारलं,
मला कविता येत नाही.
"वैशाख लिही. कळणाऱ्याला कळंल."

ती गेली. गल्लीत तिच्या मागं मांजरं गेली.
मी वैशाख उलटा कोरत बसले.
श ला फार वेळ लागला.