पुढचं वाक्य

मी डाव्या विंगेत बसायचो,
वाळूच्या बादलीशेजारी, चाळीसच्या बल्बखाली.
दिवसा मार्केट यार्डात अडत्याच्या वह्या लिहायच्या,
रात्री प्रमिला आरळीला शब्द पुरवायचे.
बोटं हळदीची, म्हणून संहितेची पानंही पिवळी.
ती म्हणायची, "नेमू, तुझ्या नाटकाला फोडणीचा वास येतो."

सतराची होती पहिल्या प्रयोगाला.
घरी शिवणक्लास सांगितलेला.
दुसऱ्या अंकात तिसऱ्या रांगेतून वडील उठले,
खुर्चीची फळी खाडकन वाजली.
तिनं बघितलं.
वाक्य सोडलं नाही.
रात्री घराला आतून कडी.
मग मेकअपवाल्या बाबालाल मुजावरांच्या ओट्यावर
पहाटेपर्यंत बसून राहिली, तोंडावर रंग तसाच,
कारण खोबरेल संपलं होतं
आणि एवढ्या रात्री मागायचं कुणाकडं.

त्यानंतर तासगाव, विटा, आटपाडी.
टेम्पोत सेटच्या फळ्या, फळ्यांवर आम्ही.
जतला वारा सुटला, पडदाच तिच्या अंगावर आला,
तर पडद्याखालून बोलत राहिली बया,
लोकांना वाटलं असंच बसवलंय.
टाळ्या पडल्या.
पुढच्या गावी मॅनेजर म्हणाला, पडदा पाडूया का पुन्हा?

लग्नाचं विचारू नका.
विचारणारे दोघे होते, एक भित्रा होता.
भित्र्याचं नाव मी सांगणार नाही.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मालिका मिळाली.
साताऱ्याकडं एका बंगल्यात शूटिंग,
भरजरी साडी, सकाळी सात ते रात्री दहा,
सासूबाई.
रविवारी आली की पाय बादलीत सोडून बसायची.
"वाक्यं रात्री मोबाईलवर येतात, नेमू,
सकाळी बदलतात.
तिथं कुणी विसरतच नाही.
विसरायला आधी पाठ असावं लागतं."

चारशे बाराव्या भागात तिला जिन्यावरून पाडली.
दिवाणखान्यात फोटो लागला, चंदनाचा हार.
मग दोन वर्षं ती भिंतीवर.
सुना तिच्यापुढं रडल्या, चोरून फोन केले,
एकीनं तर तिच्यादेखत दुधात काहीतरी कालवलं.
प्रमिलानं फोन करून विचारलं,
रोज दिसते मी, फोटोचे किती देता?
पलीकडचं पोरगं आधी हसलं,
मग "मॅडम, कळवतो" म्हणालं.

शनिवारच्या बाजारात मेथीवालीनं जुडी खाली टाकली,
"अगं बया! तुम्ही गेल्तासा की!"
"गेले होते," ही म्हणाली, "तिकडं मेथी मिळंना."

एकोणीसच्या ऑगस्टात कृष्णा गावभागात शिरली.
आठ दिवसांनी माझी ट्रंक उघडली
तर सगळी नाटकं मिळून एक ढेकूळ झालेलं,
कुठला अंक, कुठला प्रवेश, काही उरलं नव्हतं,
फक्त कडेनं थोडा पिवळा रंग.
मी काही बोललो नाही. तीही नाही.
दुसऱ्या दिवशी दुपारी आली,
चिखल धुतलेली ट्रंक पालथी घालून बसली,
"लिही."

तीन दुपारी सांगत होती.
फक्त स्वतःचं नाही, सगळ्यांचं;
सावकाराचं, हवालदाराचं, त्या बहिऱ्या आत्याचं,
जी करणारी बाई जाऊनही वीस वर्षं झाली.
कुठं लाइट जायची, कुठं कुणाचं पोर रडायचं, तेही.
मी वहीत मान घालून.

तिसऱ्या दिवशी अंकाच्या ऐन मध्यात थांबली.
माझे ओठ आपोआप हलले, जुनी सवय.
तिनं बोट वर केलं.
"मिरजेला, सत्त्याहत्तर साली, इथंच अडले होते.
तू घाईत भलताच शब्द दिलास.
मूळच्यापेक्षा बरा होता.
तोच लिही."

मी पेन धरून बसलो.
बाहेर कुणीतरी खराट्यानं गाळ ओढत होतं.
शब्द काही केल्या आठवेना.

तिनं माझ्याकडं बघितलं नाही.
समोर रांगा असाव्यात तशी समोर बघत,
ओठ न हलवता,
सांगितला.