कामून

जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या कंपनीत
यंत्रानं लॉट नाकारला: चारशे बारा, सोयाबीन.
पडद्यावर मी रंगीत पट्ट्या मांडल्या होत्या,
कशाचं किती वजन, दशांशाच्या चार घरांपर्यंत.

साहेबांना एक आकडा हवा होता. तपासनिसाला कागद.
द्वारकाबाई खरातांनी ट्रेमध्ये ओंजळभर दाणे पसरले
आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या,
"कामून?"

मी पट्ट्या दाखवल्या.
"ते तुमचं झालं. ह्याच्यातला कोणता दाणा?"

सहा महिने पुण्यात बसून आखलेल्या तक्त्यात
ह्या प्रश्नाला रकानाच नव्हता.

मग स्टूल ओढून बसले, दुपारभर.
बाई नखानं दाखवत गेल्या,
हा चिरलाय, मळणीयंत्राचा मार.
हा नुसता डागाळला, उगवंल की.
यंत्रानं दोघांना एकाच पापात मोजलं होतं.

आता पडद्यावर दाण्याचा फोटो येतो,
चिरेभोवती लाल गोल.
बटणावर 'स्पष्टीकरण' होतं तोवर
कुणी बोट लावलं नाही.
काल ते खोडून बाईंचाच शब्द टाकला.

दाबलं त्यांनी. एकदा, दोनदा, मान हलवली.
तिसऱ्या दाण्याला नुसतं "अं हं".

त्याला अजून बटण नाही.