द्वीपकल्प

नकाशात कामचात्काला उत्तरेकडे
बोटभर रुंदीची मान आहे.
मानेतून रस्ता गेलेला नाही.
कारागाची माणसं कुठे निघाली की म्हणतात,
"मुख्यभूमीवर जातोय",
जणू मध्ये पाणीच आहे.

मुलिंगाउत एकदा गेली होती त्या मानेवरून,
नवऱ्याच्या कळपामागे, नऊ दिवस.
दलदल, खुरटे पाइन, पुन्हा दलदल.
डावीकडे एक समुद्र, उजवीकडे दुसरा,
दिसला एकही नाही.

"म्हणजे जमीन जोडलेली आहे ना?"
शाळेतून येता येता पोरं विचारतात.

ती मासा चिरत राहते.
कणा सोडवते,
डोक्याजवळचा शेवटचा मणका अंगठ्याने चाचपते.

"आहे की," म्हणते.
"रेनडिअरांना पुरेल एवढी.
आपल्याला विमानाचं तिकीट लागतं."