ठोका

ऑगस्टात इथं सगळेच माझ्यासारखे होतात.
धबधब्यासमोर उभं राहिलं की
कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही.
तोंडं उघडतात, मिटतात.
बायको नवऱ्याला हातानं सांगते, मागे हो, निसरडं आहे.
कणीसवाली दोन्ही पंजे दोनदा उघडते: वीस रुपये.
मी त्या गर्दीत सराईत.
एकतीस वर्षं सातपूरच्या फोर्ज शॉपात
याच भाषेत बोललो.

हातोडा दीड टनी होता.
डॉक्टरीणबाईंनी कागदावर दाखवलं,
रेघ कुठवर सपाट जाते आणि कुठून दरीत उतरते.
मी म्हटलं, हा तर सावळघाट.
त्या हसल्या. काहीतरी बोलल्याही असतील.

यंदा फाल्गुनात आलो.
पेठच्या गाडीत चौदा माणसं, दोन कोंबड्या,
फाट्यावर उतरणारा मी एकटा.
मथी भोये अंगणात कूड सारवत होती. तिनं ओळखलं.
आता काय बघणार, बाबा? एवढं ओठांवरून वाचलं,
बाकीचं तिनं हातानं सांगितलं:
आधी कडा, मग रिकामी ओंजळ.
तरी हात धुतले, कोयता कमरेला खोचला
आणि माझ्यापुढे निघाली.

कापल्या नागलीची खोडं तळव्यांना टोचत होती.
राबासाठी भाजलेल्या जमिनीचे काळे तुकडे,
त्यापलीकडे पळस, अंगावर एक पान नाही, नुसता जाळ.
पुढे वाट संपली आणि ओहोळ सुरू झाला,
म्हणजे त्याची जागा. आम्ही पाण्याच्या जागेतून चाललो.
डोक्याच्याही वर, कुड्याच्या फांदीत
वेफर्सचं पाकीट अडकलेलं,
आणि कुणाची तरी डाव्या पायाची निळी चप्पल.
तेवढ्या उंचीवरून गेला होता श्रावण.

कडा होता तिथंच होता.
काळ्या दगडावर एक ओला पट्टा,
वहीतल्या समासाएवढा.
खाली झिऱ्याशी दोन पोरी
वाटीनं हंडा भरत बसलेल्या.
किती वेळ लागतो, मी विचारलं.
धाकटी हसायला लागली, मी फार मोठ्यानं बोललो असणार.
मोठीनं आधी कड्याच्या सावलीकडे बोट केलं,
मग तिच्या पायाजवळच्या दगडाकडे:
सावली इथवर येईतो.

तेवढ्यात मथीनं बोट वर केलं. ऐका.
मी कानाला हात लावून मान हलवली.
ती थोडी थांबली.
मग माझी काठी उचलून एक टोक माझ्या तळहातात दिलं,
दुसऱ्या टोकावर स्वतःची तर्जनी टेकवली.

टक्.

मग काही नाही.
पळसावरचे पक्षी भांडत होते, चोची दिसत होत्या.
काही नाही.

टक्.

तेव्हा वर पाहिलं. नेच्याच्या मुळाशी
थेंब गोळा होत होता, फुगत, लांबत,
सोडू की नको करत.
सुटला.
मथी तिकडे बघतही नव्हती,
पोरींना वाटी नीट धर म्हणून रागावत होती,
आणि तो खाली पोचला तेव्हा काठीत बरोबर ठोका आला.

हातोड्याच्या दोन ठोक्यांत आम्ही श्वास घ्यायचो,
तेवढीच जागा असायची.
इथं माणसाचं आख्खं नाव मावतं,
बापासकट, गावासकट.
मी मावतंय का बघायला घेऊन पाहिलं.
फोर्जवरच्या एकेकाचं. तुळशीराम धात्रक, मुक्काम वडाळीभोई.
रहीम अत्तार. तो बिहारचा, सुरेंदर का काहीतरी,
ज्याची दोन बोटं गेली.
मग माझं.

सावली दगडाला टेकली. पोरी उठल्या,
हंडे डोक्यावर घेऊन
मी जिथं बसून उतरलो होतो तिथून
उभ्यानंच चढून गेल्या.

मथी पैसे घेईना. मग घेतले.
कागदात बांधून थोडी करवंदं दिली, अजून हिरवी,
मीठ लावून खा म्हणाली असेल.

परतीच्या गाडीत खिडकीची काच थरथरत होती.
शेजारच्यानं काठी वर फळीवर ठेवू का, अशी खूण केली.
मी नको म्हटलं.
ती मांडीवर आडवी घेतली
आणि म्हसरूळ येईतो दोन्ही हातांनी धरून बसलो.