ग्राफमास्तर

एकतीस वर्षं मी चौकोन रंगवले.
चादरीवरचा मोर आधी कागदावर,
बारीक चौकोनांत, लाल पेन्सिलीनं.
मग पुठ्ठ्याला भोकं, मग पुठ्ठ्यांची माळ,
जॅकार्ड ती वाचत जायचा
आणि खाली मोर उतरायचा.
एक ओळ चुकली की मोराला मान नसायची,
शेठ मजुरी कापायचा.

आता हारिकाच्या लॅपटॉपवर तेच चौकोन.
आख्खं सोलापूर. अशोक चौक, साखर पेठ, एमआयडीसी,
वर हिप्परग्याचा निळा ठिपका.
"काय करलालीस?"
"आधी यंदाचा मे जुळवायचा, नाना,
मग दोन हजार पन्नासचा विणायचा."

पडद्यावर छोटे बाण फिरत होते,
शेपटीला नावं बांधलेले.
नांदेडचा इजाज आमच्या रस्त्यावर झाडं लावत होता,
कर्नूलच्या कुणी सुगुणाबाई नाल्याचं पाणी मोजत होत्या.
एक बाण नुसताच थांबलेला, नेदरलँड्सचा.
तिकडे संध्याकाळ, चहाला उठला असेल.

आमच्या गल्लीचा चौकोन मी शोधला.
पिवळा. रात्री दोनला एकोणतीस अंश.
मी हसलो.
ग्राफ बघून कापड ओळखतो मी;
हे आमचं कापड नाही.

नरसव्वा कोपऱ्यात सुपावर वाकलेली,
वर न बघताच म्हणाली,
"विडीची पानं रात्री ओल्या फडक्यात बांधते मी.
पूर्वी सकाळपर्यंत फडकं ओलं असायचं.
आता तीनला उठून पुन्हा शिंपडते,
नाहीतर कात्रीखाली मोडतात.
विचार त्या लोकांना, हे कुठल्या चौकोनात बसतं."

हारिका गप्प. मग टाइप करू लागली.
फडकं. पत्रे. शेजारच्या शेडमधले सोळा माग.
सगळे बाण आमच्या गल्लीत जमले,
गुळाला मुंग्या तसे.
नेदरलँड्सवाला परत आला, त्यानं विचारलं,
फडकं केवढं? सुती का?
नरसव्वानं तेव्हा मान वर केली.
"माझ्या जुन्या लुगड्याचं."
त्याला हे कसं सांगितलं, ठाऊक नाही.

मॉडेल पुन्हा चाललं.
आमचा चौकोन लाल झाला, मग शेजारचे,
मग पार कुंभारीपर्यंत.
एवढी लाल पेन्सिल
मी कुठल्याच मोराला लावली नव्हती.

मग खटपट. पत्र्यांना चुना लावून बघ.
तलावातला गाळ काढून बघ.
माग रात्री दहाला बंद करून बघ.
"आणि मजुरी?" मी म्हणालो.
तिनं त्याचाही रकाना उघडला.
इजाजचं न् सुगुणाबाईंचं झाडांवरून वाजलं:
नळ पाच दिवसांनी, पाजणार काय?
अर्धी झाडं पुसली.

साडेबाराला दीड अंश उतरला.
"दीड म्हणजे किती?"
हारिकानं आईकडे पाहिलं.
"म्हणजे फडकं पाचपर्यंत ओलं."

उद्या पत्रे मोजायला जायचंय, घरोघर.
मी ट्रंकेतून जुना ग्राफ काढला,
पेन्सिलीला टोक केलं.
चष्मा मात्र सापडेना.