एकेरी

म्हसावदच्या पुढे, जिथे पपईचे मळे संपतात
आणि सातपुडा एकदम अंगावर येतो,
तिथल्या आश्रमशाळेत, हजर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी
खुमली वेस्ता पावरा, इयत्ता तिसरी,
माझ्या साडीचा काठ चिमटीत धरून म्हणाली,
"मॅडम, तू भाकर खाल्ली का?"

तू.
मी देवरुखची. आमच्याकडे
तू म्हणजे आई, देव, मांजर
आणि भांडणात कुणीही.
बाबांना आम्ही चौघं भावंडं तुम्ही म्हणतो,
त्यांच्या चपलांनाही जवळजवळ तुम्हीच.
मी काठ सोडवून घेतला.
वहीत तारीख घालून लिहिलं: शिस्त कच्ची.

मुख्याध्यापक पाटीलसर शहाद्याचे,
घरात गुजरी, शाळेत मराठी, ठेकेदाराशी हिंदी.
म्हणाले, "वळण लावा मॅडम, तपासणीला साहेब येतात."
लावलं.
पंधरा दिवस, परिपाठ झाला की
तुम्ही या, तुम्ही बसा, तुम्ही सांगा,
अठ्ठावीस तोंडं एका सुरात.
मग तुम्ही तणासारखं कुठेही उगवायला लागलं.
शेळीला: तुम्ही निघा इथून.
हापशाला: तुम्ही आज पाणी का देत नाही.
दमण्याचा पाय कुत्र्याच्या शेपटीवर पडला
तर म्हणाला, माफ करा.
वर्गात मी हसले नाही.
स्टाफरूमचं दार लावून घेतलं आणि मग हसले.

तिथे यावलच्या नजमा तडवीमॅडम डबा उघडत होत्या.
कळण्याची भाकरी, ठेचा.
पहिल्या आठवड्यात त्या म्हणाल्या होत्या,
"तुमची भाजी गोड कशी हो लागते?"
आणि त्यांच्या ठेच्याने मी रडले होते.
तेव्हापासून दोन्ही डबे मधोमध असतात,
कुणी कुणाचं काय खाल्लं याचा हिशोब नाही.
त्या म्हणाल्या, "वरच्या पाड्यांवर अहोजाहो कुठलं?
साहेब चढून गेला तरी तू.
पावसाला तू. गेलेल्या आजोबालाही तू."
"मग मान कसा देतात?"
भाकरी मोडता मोडता त्या थांबल्या.
"विचारतात ना, खाल्लं का म्हणून."

होळीच्या आधी भोंगऱ्याच्या बाजाराला
अख्खा वर्ग ओस.
हजेरीपटावर मी गैरहजरच्या खुणा करत गेले,
अकराव्या नावापाशी हात अडला:
गणपतीत देवरुखच्या शाळेत
कुणी मला शोधलं होतं का?
उरलेल्या खुणा पेन्सिलने केल्या.

त्या रात्री फोनवर, वीज गेलेली,
बोलता बोलता तोंडून निघून गेलं,
"बाबा, तू जेवलास का?"
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा.
मग त्यांची आईला हाक,
"अगं, हिला ताप वगैरे आहे का, विचार."
आईने विचारलं. नाही म्हटलं.
झोप, म्हणाली, उन्हात फिरू नकोस.
फोन ठेवता ठेवता मागून, लांबून,
"जेवलो म्हणावं.
कुयरीची भाजी होती."

जूनमध्ये शाळा उघडली.
खुमली आता चौथीत, वेण्या करकचून,
रांगेत पहिली, दोन्ही हात पाठीमागे.
"नमस्कार मॅडम. तुम्ही कशा आहात?"
एक काना चुकला नाही.
हापशावरून शिपाई आत्मारामनाना ओरडले,
"पोर सुधरी गयी, मॅडम!"

मला बरं वाटायला हवं होतं.
मी तिच्यासमोर उकिडवी बसले, साडी मातीत.
"खुमली, भाकर खाल्ली का तू?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली,
हे परीक्षेतलं आहे की कसलं, ते ठरवत.
मग पाठीमागचा एक हात सोडला.
एकच.