अडीच वाजता

उधन्याहून गोकुळ आला भुसावळ पॅसेंजरने,
बुटाच्या खोक्यात चार पिल्लं घेऊन.
खोक्याला उदबत्तीने पाडलेली भोकं,
प्रत्येक भोकात एक चोच.
बँटम म्हणतात मामा यांना, तो म्हणाला,
वाढून वाढून एवढेच होतात.
आणि त्याने मूठ दाखवली,
लूमवर एक बोट गेलेली.

हिरकनमाय कुडावरून डोकावली.
"हाऊ कोंबडा शे का चिडा?"

चौघे माझ्या दुकानात वाढले,
जळक्या मोटरींच्या पोटातून मी काढलेल्या
तारेच्या तुकड्यांत दाणे शोधत.
पंखांना वार्निशचा वास.
मानेवरची पिसं हळूहळू
तांब्याच्या रंगावर गेली.

आठवा आठवडा असेल.
रात्री एक गंजलेलं बिजागर वाजलं.
मला वाटलं, दार.
उठलो. दार लावलेलंच होतं.
पुन्हा वाजलं,
अर्धं वाजून घशात अडकलं,
सायकलच्या पंपाची नळी सुटावी तसं.
टॉर्च मारला तर
पाच हॉर्सपॉवरच्या रिकाम्या बॉडीवर उभा
सगळ्यात धाकटा.
तुरा म्हणजे डाळिंबाचा एक दाणा,
आणि स्वतःच्याच आवाजाने दचकून
खाली बघत होता,
कोणाचं काय पडलं म्हणून.

घड्याळात अडीच.

दुसऱ्या रात्री दोघे. मग तिघे.
एकाला सुरुवात यायची, शेवट नाही,
दुसऱ्याला नुसता शेवट,
मधलं कोणालाच नाही.
चौथा मान ताणायचा, डोळे मिटायचा, छाती भरायचा,
आणि शिंकायचा.

गल्लीत कुजबूज सुरू झाली.
अवेळी आरवणारा घरात ठेवू नये, वगैरे.
धुडकू जिभाऊ ओट्यावरून म्हणाला,
"चुल्हावर चढाई दे, भो."
मग चौघांकडे नीट बघून म्हणाला,
"पन रस्सा एक वाटी बी व्हवाव नही."

डालकीखाली झाकून पाहिलं. वर पाटा ठेवला.
डालकी आरवली.

मला कळायला महिना लागला,
मी, ज्याचं पोटच विजेवर आहे.
अडीचला आमच्याकडे थ्री फेज येते,
गिरणीमागची डीपी गुणगुणायला लागते
आणि माझ्या टेस्टिंग बोर्डावर
मसुराएवढा लाल दिवा लागतो.
तेवढं तांबडं
त्यांना पुरत होतं.

जिभाऊने ते माझ्याआधीच ओळखलेलं.
मोबाइलचा गजर बंद करून टाकला होता त्याने.
धाकटा खरवडला की
कानाला उपरणं गुंडाळून हा निघायचा
मक्याला पाणी सोडायला.
चुलीचं नाव पुन्हा काढलं नाही.
एका सकाळी खिशातून मूठभर दादर काढली,
अंगणात फेकली,
"धाकलासले," एवढंच बोलला,
जसं काही दुसऱ्याच कोणाची होती.

एक तारखेला पाळी बदलली.
लाईट आता दिवसा, साडेनऊपासून.
लाल दिवा लागला नाही त्या रात्री,
डीपी गप्प,
कुत्रीसुद्धा गप्प.
अडीचला धाकटा बॉडीवर चढला
आणि पहिल्यांदा
सुरुवात, मधलं, शेवट, सगळं
एका दमात म्हणून मोकळा झाला.

मला पाळीची आठवण झाली
तेव्हा जिभाऊची काठी
गल्लीच्या टोकाला वाजत होती.
हाक मारली. उपरण्यात ऐकू गेली नसावी.

सातला आला तो. पायजमा कोरडा.
स्टार्टरवर हात ठेवून
विहिरीच्या थारोळ्यावर रात्रभर बसलेला माणूस.
मी शिवीची वाट बघत उभा.
त्याने उपरणं सोडलं, झटकलं,
धाकट्याकडे बघितलं.
"तठलोंग आयकू उना," म्हणाला.
"आज पुरा म्हनना."

मग चहा मागितला. साखर जास्त.

साडेनऊला लाल दिवा लागला.
कडुनिंबाखाली, धुळीत पसरलेल्या चौघांनी
एकेक डोळा उघडला
आणि मिटून घेतला.